तालीम सुटली, खुराक राहिला

कोल्हापुरात गंगावेशीजवळचे दूधकट्टे प्रसिद्ध आहेत. म्हैस समोर उभी असते, धार काढली जाते आणि फेसाळलेला धारोष्ण दुधाचा पेला गिऱ्हाइकाच्या हाती येतो. ही आवड पैलवानांच्या नगरीला साजेशीच होय. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले आणि पेठापेठांतील तालमींत तांबड्या मातीचे हौदे घुमू लागले. पहाटे उठून शेकडो जोर-बैठका काढणाऱ्या मल्लाला दूध, तूप व बदामाची थंडाई पचत असे, कारण घेतलेला घास तो घामाने फेडीत असे.

पण तालीम सोडलेल्या मल्लाचे काय होते, हे कोणाही जुन्या वस्तादाला ठाऊक असते. खुराक तोच राहतो, जोर-बैठका मात्र थांबतात. पोट सुटते, दम लागतो आणि एके दिवशी रक्तात साखर निघते. आज साऱ्या समाजाची अवस्था या मल्लासारखी झाली आहे. नांगरामागे दिवसभर चालणाऱ्या शेतकऱ्याचा नातू चार घरांपलीकडच्या दुकानात दुचाकीवरून जातो. तांबड्या रश्श्याला दोष देणे सोपे आहे. बिघडला आहे तो जमाखर्च.

मधुमेह, हृद्‌रोग, रक्तदाब यांना असंसर्गजन्य रोग म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेग आला, तेव्हा शत्रू बाहेरून आला होता. उंदरावरील पिसू शोधून काढता आली. या रोगांचा माग सूक्ष्मदर्शक यंत्राखाली तेवढा लागत नाही. माणूस काय खातो, किती चालतो, केव्हा झोपतो, तंबाखू किंवा मिश्री लावतो काय, हे वर्षानुवर्षे टिपून ठेवावे लागते.

अशा शोधाचा एक नामी दाखला लंडनचा आहे. तेथील दुमजली बसगाड्यांवर दोन प्रकारचे नोकर असत. चालक दिवसभर बसून राही, तर वाहक तिकिटांसाठी सतत जिना चढे व उतरे. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो नोकरांच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला की, वाहकांना हृद्‌रोग कमी होतो. येथे कोणी शंका घेईल की, मुळात स्थूल माणसेच चालक होत असतील. मॉरिस यांनाही ती शंका आली. त्यांनी गणवेशांची मापे पाहिली, तेव्हा चालकांच्या विजारी कमरेला खरोखरच अधिक रुंद निघाल्या! म्हणून पुढे बारीक, मध्यम व स्थूल असे गट पाडून तुलना केली गेली. तरीही वाहकच सरस ठरले. स्वतःच्या मतावर अशी शंका घेणे, हीच संशोधकाची खरी तालीम.

महाराष्ट्रातही असे काम झाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून सहा गावांतील माता व बाळे यांची पाहणी चालविली. ही बाळे इंग्लंडातील बाळांहून वजनाने पुष्कळ हलकी होती, परंतु त्या मानाने त्यांच्या अंगची चरबी कमी नव्हती. २००४ साली डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन यांनी स्वतःचीच मापे जगापुढे ठेवली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या २१.२ टक्के होती! म्हणून ‘मुलगा सडपातळ आहे, त्याला कसली भीती?’ हा समज आपल्या देशात फसवा ठरतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे.

‘आमचे आजोबा सारे काही खात आणि तरी ऐंशी वर्षे जगले,’ असे अभिमानाने सांगितले जाते. ते खोटे नसते. परंतु आजोबा आठवड्याच्या बाजाराला पायी जात, हे सांगायचे राहून जाते. आणि जे चाळिशीतच गेले, त्यांचे दाखले कोणी देत नाही.

मात्र सारा भार एकट्या माणसाच्या निग्रहावर टाकणेही अन्यायाचे आहे. रस्त्याला पदपथ नसेल तर चालावे कोठे? जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांचा व्यायाम सांगते. आणि परीक्षा जवळ आली की अनेक शाळांत पहिला बळी जातो तो खेळाच्या तासाचा. गणिताला तो तास देऊन काय मिळते, याचा हिशेब कधीतरी मांडला पाहिजे.

रंकाळ्याच्या काठी पहाटे फेऱ्या घालणाऱ्यांत पिकल्या केसांची माणसे पुष्कळ दिसतात. त्यांतल्या कित्येकांच्या हाती डॉक्टरांची चिठ्ठी आधी आली आणि पायांत बूट मागाहून आले.