पेटके श्रमाचे, इलाज डबीचा!

मे महिन्यात एटापल्ली तालुक्यातील आदिवासी स्त्री-पुरुष पहाटेच तेंदूपाने तोडण्यासाठी जंगलात शिरतात. उन्हे चढेपर्यंत वाकून पाने खुडायची, ओझे डोक्यावर घेऊन गावी परतायचे आणि मग सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधीत बसायचे. त्या उन्हात घामावाटे अंगातले पाणी आणि मीठ निघून जाते. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. या दुखण्यावर आता बाजाराने उतारा काढला आहे. मोबाईलवरील जाहिरात सांगते: तुमच्या शरीरात मॅग्नेशियम कमी आहे, आमची गोळी घ्या, पेटके थांबतील, चिंता मिटेल, झोप लागेल.

हा दावा तपासून पाहिला पाहिजे. कॉक्रेन या संस्थेने पेटक्यांवरील चाचण्यांचा आढावा २०२० साली प्रसिद्ध केला. उतारवयातील माणसांच्या पेटक्यांवर मॅग्नेशियमचा म्हणण्यासारखा उपयोग होण्याची शक्यता कमीच, असा त्याचा निष्कर्ष आहे. चिंता व ताण यांबाबतचा पुरावा तर अगदीच कच्चा. ज्याला खरोखर कमतरता आहे त्याला हा क्षार दिलाच पाहिजे. पण ते डॉक्टरने ठरवावे, जाहिरातीने नव्हे. मूत्रपिंड अधू असणाऱ्यास हीच गोळी घातक ठरू शकते. कायद्याच्या लेखी या वस्तू अन्नात मोडतात. त्यामुळे औषधाप्रमाणे गुण सिद्ध न करताच त्या विकता येतात. वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापायचे आणि जाहिरातीत मात्र आराम विकायचा, असा हा दुटप्पी व्यवहार आहे!

कोणी म्हणेल, चार पैसे खर्चून कुणाला बरे वाटत असेल तर तुमचे काय जाते? गडचिरोलीच्या आदिवासींमध्ये सिकलसेलचा आजार आढळतो. त्यात हातपाय असह्य दुखतात. त्या वेदनेला पेटके समजून डबी आणणारा माणूस रक्ततपासणीला मुकतो. हे त्याचे जाते! आणि चिंतेचे काय? सूरजागडच्या खाणीतील उत्खननाची मर्यादा २०२३ साली वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यात आली. आपले जंगल उरेल काय, खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यावरून पोर सुखरूप घरी येईल काय, ही काळजी रक्तातला क्षार घटल्याने उपजते असे कोण म्हणेल?

भांडवलशाहीची ही जुनीच रीत आहे. आधी माणसाला राबवून शिणवायचे, मग तो शीण त्याच्याच देहाचा दोष ठरवायचा आणि अखेर त्यालाच गिऱ्हाईक करायचे. नाचणी, उडीद, तीळ, हिरव्या पालेभाज्या यांत मॅग्नेशियम विपुल असते. तांदळाला पॉलिश करताना मात्र कोंड्याबरोबर त्याचा मोठा भाग निघून जातो. रेशनवर पॉलिशचा तांदूळ घ्यायचा आणि गेलेले सत्त्व डबीतून विकत आणायचे, हा कुठला न्याय?

म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगावी या गोळीमागचा व्यापार उलगडून सांगावा आणि मागण्या लावून धराव्यात. तेंदूच्या फळीवर सावली, पिण्याचे पाणी आणि मीठ-साखरेचे पेय मिळालेच पाहिजे. रेशनवर भरडधान्य आणि डाळ आली पाहिजे. सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी आणि मनाच्या आजारांवर उपचार विनामूल्य व नियमित झाले पाहिजेत. आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला दिलेला अधिकार खाणीच्या प्रश्नातही मानला गेला पाहिजे. एटापल्लीच्या माणसाला शांत झोप लागायची असेल, तर ती याच वाटेने लागेल.