वाचनाची वेळ कोणाच्या मालकीची?

कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरांत एक तक्रार हमखास ऐकू येते: लोक वाचीत नाहीत. तक्रार खोटी नाही. पण तिच्यामागे जे निदान गृहीत धरलेले असते ते तपासून पाहावयास हवे. वाचन हा जणू माणसाच्या अंगचा एक सद्गुण. ज्याच्या ठायी तो आहे तो वाचतो, नाही तो वेळ दवडतो, असे हे निदान. जुन्या काळच्या वाचकांनी आपापल्या रोजनिशांत आणि पत्रांत जे टिपून ठेवले आहे, त्यापुढे ते टिकत नाही. इंग्लंडात असा पुरावा विपुल उपलब्ध आहे.

या पुराव्यात सर्वांना ठाऊक असलेले नाव सॅम्युएल पीप्सचे. नौदलाच्या कचेरीतील या अधिकाऱ्याने १६६० ते १६६९ अशी रोजनिशी लिहिली. थेम्स नदीवरच्या होडीत तो वाचतो, रस्त्याने चालता चालता वाचतो. डोळे दुखू लागले तेव्हा पत्नी आणि घरातील चाकर मुलगा त्याला वाचून दाखवीत. स्वतःची दृष्टी थकली तर दुसऱ्याची पगारावर मिळत होती, असाच याचा अर्थ. पीप्स रसाळ खरा, परंतु त्याच्यावरून सामान्य वाचकाचा अंदाज बांधता येणार नाही.

त्या दृष्टीने टॉमस टर्नर अधिक मोलाचा. ससेक्स परगण्यातील ईस्ट होथली या खेड्यात याचे दुकान होते. किराणा, कापड, अंत्यविधीचे सामान, सारे काही तो विकी. काही काळ त्याने शाळा चालविली. गावच्या गरिबांसाठीच्या निधीची देखरेखही केली. १७५४ ते १७६५ या अकरा वर्षांची त्याची रोजनिशी शंभरावर वह्यांतून शिल्लक आहे. तीत हिशेब, भांडणे, दारू पिऊन घातलेला गोंधळ आणि दुसऱ्या दिवशीचा पश्चात्ताप यांच्या जोडीने शेक्सपिअर आहे, मिल्टन आहे, लॉकचा तत्त्वज्ञानावरील ग्रंथही आहे. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेला हा खेडवळ दुकानदार ही पुस्तके गिऱ्हाइकांच्या आणि हिशेबांच्या मधल्या फटींत वाचीत होता.

आणि तो एकटा वाचीत नव्हता. पत्नी त्याला रिचर्डसनची ‘क्लॅरिसा’ ही कादंबरी वाचून दाखवी. नायिकेच्या अंत्ययात्रेच्या प्रसंगाने तो हेलावून गेल्याची नोंद आहे. आर्चबिशप टिलॉटसनची प्रवचने तो टॉमस डेव्ही नावाच्या जोडे शिवणाऱ्या कारागिराला वाचून दाखवी; एकाच बैठकीत अनेक प्रवचने होत. म्हणजे पुस्तक एक, मेणबत्ती एक आणि श्रोते दोन-तीन. वाचन म्हणजे बंद खोलीतील एकान्त ही कल्पना ज्यांना मोठे घर, स्वतःची खोली आणि स्वतःची मेणबत्ती परवडत होती त्यांची आहे. इतरांसाठी वाचन ही बहुधा ऐकण्याची आणि ऐकविण्याची गोष्ट होती. टर्नरसारख्यांची गणना आपण आज कोणत्या रकान्यात करू? आणि डेव्हीची? त्याने तर पुस्तक हातातही धरले नसेल.

याच टर्नरकडे गावचा खिडकीपट्टी गोळा करण्याचेही काम होते, हा योगायोग मासलेवाईक आहे. घराला खिडक्या जितक्या अधिक, तितका कर अधिक. १६९६ साली बसविलेला हा कर १८५१ पर्यंत चालू राहिला आणि तो चुकविण्यासाठी लोकांनी खिडक्या विटांनी बुजविल्या. मेणबत्त्यांवरचा कर १८३१ साली उठला. गरीब घरांत लव्हाळ्याचा गाभा चरबीत बुडवून केलेली वात जळे. तिच्या उजेडात अक्षर लावणे किती कष्टाचे असेल याची कल्पनाच केलेली बरी. दिवसाचा उजेड करपात्र आणि रात्रीचाही करपात्र अशी ही व्यवस्था होती. वर्तमानपत्रावरचा मुद्रांककर १८१५ साली चार पेन्स झाला, तेव्हा अंकाची किंमत सात पेन्सांवर गेली. आठवड्याला दहा शिलिंगांच्या आसपास मिळविणाऱ्या शेतमजुराची ती एका दिवसाच्या मजुरीची तिजाई होय. ही दरवाढ केवळ महसुलासाठी नव्हती. स्वस्त राजकीय पत्रे मजुरांच्या हाती पडू नयेत, हा हेतू उघड होता. म्हणूनच हेन्री हेदरिंग्टनने १८३१ साली कर न भरता एका पेनीचा ‘पुअर मॅन्स गार्डियन’ काढला तेव्हा तो स्वतः तुरुंगात गेला आणि अंक विकणारे शेकडो लोकही गेले. मुद्रांककर १८३६ साली एका पेनीवर आला आणि १८५५ साली संपला. दरम्यान चार्टिस्टांचा ‘नॉर्दर्न स्टार’ कामाच्या जागी आणि गुत्त्यांत मोठ्याने वाचला जात होता. टर्नरच्या घरातली रीत येथे चळवळीची रीत झाली.

लंडनमध्ये निर्वासित झालेल्या कार्ल मार्क्सची पत्रे या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहेत. कोट गहाण पडल्यामुळे घराबाहेर पडता येत नाही, असे त्याने फेब्रुवारी १८५२ मध्ये एंगल्सला कळविले. ज्याचे सारे संशोधन ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयावर अवलंबून, त्याचे वाचन कोटावाचून अडावे! नऊ वर्षांनी, १८६१ सालच्या फेब्रुवारीत, तोच सांगतो की संध्याकाळी विरंगुळा म्हणून तो अॅपियनचा रोमन यादवी युद्धांचा इतिहास मूळ ग्रीकमध्ये वाचीत आहे, आणि त्यातला स्पार्टाकस त्याला फार थोर वाटतो. आगीच्या भयाने त्या वाचनालयात दिवे लावीत नसत. विजेचे दिवे १८७९ साली आले. तोपर्यंत अंधार पडला की वाचनालय बंद. दिवसा कारखान्यात असलेल्या माणसाने तेथे जावे केव्हा?

पण रोजनिशी हा पुरावाही निर्दोष नाही. ती लिहिण्यासाठीदेखील सवड लागते. हॅना कलविक या मोलकरणीने १८५४ ते १८७३ या काळात रोजनिशी लिहिली ती आर्थर मन्बी या वकील-कवीच्या आग्रहावरून; पुढे दोघांनी गुप्तपणे विवाह केला. शेगड्या साफ करणे, बूट पुसणे, पायऱ्या घासणे, अशा कामांनी तिची पाने भरलेली आहेत. मन्बी नसता तर हीदेखील पाने उरली नसती. तेव्हा एखाद्या वर्गाच्या वाचनाच्या नोंदी सापडत नाहीत म्हणून त्या वर्गाला वाचनाची ओढ नव्हती, असे अनुमान काढणे हे अर्थशास्त्राच्या भाषेत मागणी आणि गरज यांची गल्लत करणे होय. ओढ असूनही ज्याच्या हाती वेळ आणि पैसा नाही, त्याची मागणी बाजारात दिसतच नाही.

इंग्लंडने १८५० साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्याने नगरपालिकांना पौंडामागे अर्धा पेनी कर बसविण्याची मुभा दिली, पण त्या पैशातून पुस्तके घेता येत नव्हती. ग्रंथालय असावे, ग्रंथ मात्र कोणीतरी दान द्यावेत! १८५५ साली मर्यादा एक पेनी झाली आणि पुस्तकखरेदीला परवानगी मिळाली. आपल्याकडे मद्रास प्रांताने १९४८ च्या कायद्यात ग्रंथालय-कराची तरतूद केली. महाराष्ट्राचा १९६७ चा कायदा मात्र तशी तरतूद न करता अनुदानावर विसंबून राहिला. हक्काचे उत्पन्न आणि वर्षावर्षाला मागावे लागणारे अनुदान यांत काय अंतर असते, हे सार्वजनिक संस्था चालविलेल्या कोणालाही समजावून सांगण्याची गरज नाही.

तेव्हा लोक वाचीत नाहीत, असा ठराव पुढच्या शिबिरात मांडण्यापूर्वी प्रत्येक शाखेने एवढी चौकशी करावी: आपल्या गावचे ग्रंथालय कारखान्याची पाळी सुटल्यावर उघडे असते काय? ऊसतोडणीवरून परतलेल्या बाईला तेथे बसण्यास जागा आहे काय? आणि आपल्या साप्ताहिकाचा अंक आल्यावर तो मोठ्याने वाचून दाखविणारा कोणी शाखेत आहे काय?