किल्लीतला सेल



गेल्या महिन्यात शाळा सुटताना एका पालकांची गाडी फाटकासमोरच अडली. रिमोट चालेना, दार उघडेना, मागे रिक्षांची रांग. रिमोटच्या आतच धातूची साधी किल्ली असते, हे त्यांना ठाऊक नव्हते. (शिक्षण हिंदी माध्यमात झाल्याने माझ्या तोंडी अजून 'चाबी'च येते.) बटणावर सुरू होणाऱ्या बऱ्याच गाड्यांत सेल संपला तरी रिमोट बटणाला टेकवल्यावर इंजिन सुरू होते. गाडीच्या पुस्तिकेत हे लिहिलेले असते, वाचतो कोण?

माझी तक्रार मात्र निराळी आहे. घड्याळवाल्याकडून नवा सेल आला आणि जुना त्यांनी सहज सीटवर टाकला. शेजारी तीन वर्षांचे मूल! बहुतेक रिमोटमध्ये सीआर २०३२ सेल असतो, २० मिलिमीटर रुंद, ३ व्होल्टचा. रिमोटसाठी तो संपलेला असला, तरी लहानग्याच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, तडक रुग्णालय गाठा. रडणाऱ्या मुलाच्या हाती रिमोट खुळखुळ्यासारखा देणे तर आजच बंद करा.

जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून तो शाळेच्या कार्यालयात आणून द्यावा. तिथे झाकणाचा डबा ठेवला आहे.