बंदराचे दैव घाटात

वेंगुर्ल्याचे नाव निघाले की डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो. पुळण, माड, मासळी आणि काजू एवढ्यात गावाचे वर्णन संपते. परंतु या गावाच्या उत्कर्षापकर्षाची किल्ली समुद्रात नसून सह्याद्रीच्या घाटांत आहे, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही.

सतराव्या शतकात, १६३७च्या सुमारास, डच येथे आले. गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या जहाजांना पाणी, रसद आणि बातमी मिळण्यासाठी जवळचे ठाणे हवे होते. गोव्याच्या उत्तरेस लगतच असलेले आणि घाटवाटांनी विजापूरच्या मुलखाशी जोडलेले वेंगुर्ले त्यांना सोयीचे पडले. तेथे वखार उभी राहिली. १८१२ साली सावंतवाडीच्या राणीकडून हे बंदर इंग्रजांकडे गेले. १८६९मध्ये पारपोलीच्या घाटातून, म्हणजे आंबोलीमार्गे, गाडीरस्ता झाला आणि बेळगावकडचा माल बैलगाड्यांनी खाली उतरू लागला. वेंगुर्ल्याचे ते भरभराटीचे दिवस होत.

ते टिकले मात्र नाहीत. १८८८च्या सुमारास मुरगाव बंदर लोहमार्गाने घाटमाथ्याशी जोडले गेले आणि माल तिकडे वळला. वेंगुर्ल्याचा किनारा तोच होता, भरती-ओहोटीही तीच होती; पाठीमागचा रस्ता तेवढा दुसऱ्याचा झाला होता. पुढे १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, तीही कुडाळ-सावंतवाडीवरून, वेंगुर्ल्याला बाजूस ठेवून.

आता पर्यटनाने गाव तरेल, असे सांगितले जाते. पर्यटन यावे, वखारीच्या भिंतीही राखल्या जाव्यात. परंतु केवळ किनाऱ्याकडे पाहून आखलेली योजना जुनीच चूक पुन्हा करील. १९५७मध्ये येथे फळ संशोधन केंद्र निघाले आणि 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' यांसारख्या काजूच्या जातींनी गावाचे नाव दूरवर नेले. ही कमाई समुद्राची नव्हे, पाठीमागच्या जांभ्या डोंगरउतारांची आहे. तेव्हा किनाऱ्यावर खर्च होणाऱ्या पैशाइतकाच विचार त्या उतारांचा, तेथल्या बागायतदारांचा आणि घाटरस्त्यांचा व्हावयास नको काय?

याची सुरुवात शाळेत होऊ शकते. जगातील मोठी बंदरे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या गावचे बंदर का वाढले व का ओसरले, हे नकाशावर बोट ठेवून सांगता आले पाहिजे. उद्या गावाच्या योजनांवर मत देण्याची पाळी त्याच्यावरच येणार आहे.