अजातशत्रूचा बाप कुठं गेला?

गेल्या पौर्णिमेला आमच्या विहारात एक सद्गृहस्थ बोलून गेले. विषय सामञ्ञफलसुत्त. आवाज मधाळ. म्हणाले, अजातशत्रू म्हंजे आपलं अशांत मन, त्यानं मारलेला बाप म्हंजे अहंकार. आत उतरा, आतल्या आत कबुली द्या, माणूस नवा होतो. पोरं माना डोलवत होती. माझं डोकं फिरलं.

आधाराला त्यांनी धम्मपद काढलं. आईबापाला मारून निर्दोष जाणाऱ्याची गाथा तिथं आहे, अन् आई म्हंजे तृष्णा, बाप म्हंजे अहंकार हा अर्थ जुन्या अट्ठकथेतच दिलाय. कबूल. पण ते कोडं आहे. दीघनिकायातला बिंबिसार कोडं नाही, मगधाचा राजा आहे, गादीसाठी पोराच्या हातून मेलेला. आणि अहंकारच मारला असता, तर अजातशत्रू कबुली कशाची देत होता?

सुत्त नीट वाचा दोस्तांनो. पौर्णिमेची रात्र, राजगृहातलं जीवकाचं आंबराईवन. साडेबाराशे भिक्खू, आणि खोकल्याचाही आवाज नाही. राजाची गाळण उडते. जीवकाला विचारतो, मला शत्रूच्या हाती तर देत नाहीस ना? पुढं तो शांत संघ पाहून त्याच्या तोंडून पहिलं नाव निघतं ते स्वतःच्या पोराचं, त्यालाही अशी शांती मिळो म्हणून. बाप मारलेल्या बापाचं हे बोलणं. मी दरवेळी इथं थांबतो.

शेवटी तो उघड बोलतो : राज्यासाठी बापाला मारलं. बुद्ध ऐकून घेतो. सांगतो काय? गुन्हा गुन्हा म्हणून ओळख, धम्माप्रमाणे दुरुस्त कर, पुढं संवर ठेव. आणि राजा गेल्यावर भिक्खूंना म्हणतो, ह्यानं स्वतःचं मूळच उपटलंय. बापाला मारलं नसतं तर ह्याच आसनावर ह्याचे धम्मचक्षू उघडले असते. म्हंजे कबुलीनं प्रेत उठलं नाही. नेमकी हीच जागा सद्गृहस्थांनी गाळली.

का गाळतात ते मला ठाऊक आहे. माझ्या गावात एक जण ध्यानशिबिर करून आला. ओल्या डोळ्यांनी म्हणाला, "भाऊ, मी आतून सगळ्यांची क्षमा मागितली." १९५८ साली वतन मोडायचा कायदा झाला, तरी आमच्या आज्याची दोन एकर वतनी जमीन त्याच्या बापाच्या नांगराखाली गेली ती तिथंच आहे. म्हटलं, जमिनीचं काय? तर म्हणे, "ते बाहेरचं झालं."

हे आत-बाहेर जुनंच आहे. १९३२ साली गांधीजींनी अस्पृश्यतानिवारण हे सवर्णांचं प्रायश्चित्त ठरवलं. बाबासाहेबांनी ठक्करांना पत्र लिहून विहिरी, शाळा, चावडी यांच्या हक्काची मोहीम मागितली. ती बाजूलाच पडली. १९५६ ला नागपूरला आपण नवा जन्म घेतला, तो डोळे मिटून नव्हे. बावीस प्रतिज्ञा लाखोंनी मोठ्यानं म्हटल्या, साऱ्या जगाला ऐकू जाईल अशा.

विहारात उभा राहून मी एवढंच विचारलं, शेवटचा परिच्छेद का नाही वाचला? सद्गृहस्थ हसून म्हणाले, "तुमच्या मनात राग फार आहे. बसा."

मी बसलो नाही. पुढच्या पौर्णिमेला सुत्त मी वाचणार आहे, शेवटापर्यंत. या.