गांजाची पुडी आणि पुरोगामी पळवाट

गांजाचा विषय निघाला की पुरोगामी म्हणवणाऱ्या मंडळींच्या बैठकीत अलीकडे एक ठरावीक संवाद ऐकू येतो. एकजण म्हणतो, ही तर साधी वनस्पती आहे, दारू-तंबाखूपेक्षा किती तरी निरुपद्रवी. दुसरा साधूंच्या चिलमीचा आणि होळीच्या भांगेचा दाखला देतो. तिसरा इंग्रजी अमदानीतील आयोगाचे नाव घेतो, चौथा कॅनडाचे. मग पोलिसी दडपशाहीचा निषेध होतो, चहा संपतो आणि बैठक उठते. त्या बैठकीपासून हाकेच्या अंतरावर, वस्तीतल्या सार्वजनिक संडासाच्या मागे, नववीतला एक मुलगा सिगारेटमधली तंबाखू तळहातावर काढून तीत पुडीतला गांजा मिसळत असतो. त्या मुलाविषयी या चर्चेत एक अक्षरही उच्चारले गेलेले नसते.

हे मौन निष्पाप नाही. सरकारच्या दंडुक्याला विरोध करताना ज्या वस्तूवर तो दंडुका उगारला जातो तीच निर्दोष ठरवून टाकण्याची एक खोड चळवळीतल्या तरुण पिढीला लागली आहे. दडपशाही वाईट, म्हणून जिच्यावर बंदी ती गोष्ट चांगली, असे हे तर्कशास्त्र आहे. सुशिक्षित प्रौढाने ते स्वतःपुरते वापरले तर त्याचे परिणाम तो भोगील. परंतु त्याची किंमत चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला मोजावी लागते, तेव्हा या विचाराची झडती घेणे भाग आहे.

ज्या आयोगाचा दाखला दिला जातो तो १८९३-९४ चा भारतीय हेम्प ड्रग्ज आयोग. सात सभासद, त्यांपैकी तीन हिंदी. सुमारे बाराशे साक्षीदार. तीन हजारांहून अधिक पानांचा अहवाल. एवढ्या मेहनतीने केलेली पाहणी त्या काळात विरळाच, आणि तिचा निष्कर्षही सूज्ञपणाचा होता. बेताच्या सेवनाने फारशी हानी होत नाही, अतिरेकाने होते. सरसकट बंदी घालू नये, कर व परवाने यांच्याद्वारे नियंत्रण ठेवावे. मात्र हा निष्कर्ष प्रौढांच्या बेताच्या सेवनाविषयी होता हे सोयीस्करपणे विसरले जाते. वयात येणाऱ्या मुलाच्या मेंदूवर काय होते हा प्रश्न त्या आयोगापुढे नव्हता, आणि असता तरी तो तपासण्याची साधने त्या काळी कोणाजवळही नव्हती. शिवाय गांजा हे साम्राज्य सरकारच्या महसुलाचे एक साधन होते. वसाहतीच्या अबकारी खात्याला न खुपलेली गोष्ट आज समाजवाद्यांनी प्रमाण मानावी, यातली विसंगती एरवी अशा मंडळींच्या नजरेतून सुटली नसती.

त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत बरेच काही समजले आहे. मेंदू स्वतःच गांजातील द्रव्यांसारखी काही रसायने अल्प प्रमाणात तयार करतो आणि ती ग्रहण करणारी स्थाने मेंदूभर विखुरलेली असतात. पौगंडावस्थेत मेंदूची नवी जुळणी चाललेली असते. कोणते धागे ठेवायचे, कोणते तोडायचे, हे ठरवण्यात या रसायनांचा वाटा असतो. विवेक, संयम आणि दूरचा विचार ज्याच्यावर अवलंबून असतो तो मेंदूचा पुढचा भाग तर विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. अशा घडणीच्या काळात टीएचसी हे गांजातील मादक द्रव्य दिवसाआड त्या स्थानांवर आदळत राहिले, तर चाळिशीतल्या माणसावर होणारा परिणाम आणि या मुलावर होणारा परिणाम एक असणार नाही. स्वीडनमध्ये लष्करभरती झालेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांचा १५ वर्षे मागोवा घेण्यात आला. भरतीच्या वेळेपर्यंत ज्यांनी पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढला होता, त्यांच्यात छिन्नमनस्कतेचे, म्हणजे स्किझोफ्रेनियाचे, प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट आढळले. हे निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाले. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन गावी १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारांवर मुलांची पाहणी अनेक दशके चालू आहे. तीतही पंधराव्या वर्षापर्यंत गांजा सुरू केलेल्यांत पुढे मनोविकाराची लक्षणे अधिक दिसली. सवय जडण्याचा हिशेब तर साधा आहे. गांजा घेणाऱ्यांपैकी सुमारे दहातल्या एकाला त्याची अवलंबिता येते. सुरुवात किशोरवयात झाली असेल तर सहातल्या एकाला.

येथे प्रामाणिकपणाही पाळला पाहिजे. किशोरवयापासून सतत गांजा घेणाऱ्यांचा बुद्ध्यंक कायमचा घटतो, असे ड्युनेडिनच्या आधारे २०१२ साली मांडले गेले; पुढे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनी त्याविषयी शंका उपस्थित केली. गांजा ओढणारी बहुसंख्य मुले वेडी होत नाहीत. ज्यांच्या घराण्यात मनोविकार आहे त्यांचा धोका मोठा, इतरांचा लहान. सरकारी भिंतीवरची कवटी आणि हाडे म्हणूनच निरुपयोगी ठरतात. मुलगा आपल्याहून दोन वर्षांनी मोठ्या मित्राला धडधाकट पाहतो आणि त्या भिंतीवरचे सगळेच खोटे मानतो. सगळे खोटे नसते. स्मरण आणि अवधान मंदावते, आणि ते धूर विरल्याबरोबर परत येत नाही. रोज ओढणाऱ्याच्या बाबतीत कित्येक दिवस रेंगाळते. गणिताच्या तासाला बसलेल्या मुलाला एवढे पुरेसे आहे. शिवाय गांजा बहुधा तंबाखूत मिसळून ओढला जातो. पोरगा एका व्यसनाच्या दारातून शिरतो आणि दुसरे, आयुष्यभराचे, फुकट पदरात घेऊन बाहेर येतो.

आणखी एक गोष्ट. विसाव्या शतकातला गांजा आणि आजचा गांजा एक नव्हे. अमेरिकेत जप्त झालेल्या मालातील टीएचसीचे प्रमाण १९९५ च्या सुमारास चार टक्के होते. २०१४ पर्यंत ते बारा टक्क्यांवर गेले. हे निसर्गाने केलेले नाही. बाजारासाठी वाण निवडून, बंद खोलीत दिव्यांखाली वाढवून, माणसाने केलेले आहे. 'नैसर्गिक वनस्पती' हा युक्तिवाद करणाऱ्यांनी बँकॉकहून येणाऱ्या आणि मुंबईच्या विमानतळावर पकडल्या जाणाऱ्या हायड्रोपोनिक मालाची माहिती घ्यावी. त्यात मातीचा संबंधदेखील नसतो.

या मालाचे आणि पुडीचे गिऱ्हाईक मात्र वेगवेगळे. बंद सोसायटीतल्या मुलाला घरपोच मिळते ते परदेशी. वस्तीतल्या पोराला मिळतो तो आंध्र-ओडिशाच्या सीमेवरच्या डोंगरातून ट्रकने आलेला, किंवा धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरकडच्या वनजमिनीत पिकलेला. पिकवणारा बहुधा आदिवासी. छापा पडला की गुन्हा त्याच्यावर, आणि पैसे लावणारा व्यापारी नामानिराळा. पहिल्या मुलाचे पाऊल घसरले तर त्याच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ आहे, एक वर्ष गाळण्याची सोय आहे, दुसरे महाविद्यालय आहे. दुसऱ्याची शाळा एकदा सुटली की सुटलीच. मग गॅरेज, नाका, किंवा पाठीवर पिशवी टाकून दुचाकीवरून घरोघर जेवण पोचवण्याचे काम, आणि तेही नशेत असताना. हानी रासायनिकदृष्ट्या एकच असेल; तिची सामाजिक किंमत एक नाही.

आकडे सरकारचेच आहेत. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार १० ते १७ वयोगटातील सुमारे २० लाख मुले भांग, गांजा किंवा चरस घेत होती. द्रावणे हुंगणारी मुले ३० लाख होती.  मुलांतील व्यसनाची देशव्यापी मोजणी करा आणि योजना आखा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला होता.

मग कायदा काय करतो? १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गांजाला गुन्हा ठरवले आणि भांगेची पाने वगळली. म्हणजे त्याच झाडाचे पान सणाचे आणि फूल तुरुंगाचे. एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' मानला जातो. तो बाळगल्यास एक वर्षापर्यंत कैद, नुसत्या सेवनासाठी सहा महिन्यांपर्यंत. अठराव्या वर्षाआतील मुलगा बाल न्याय मंडळापुढे जातो, पण अठरा-एकोणीसच्या पोराला हा कायदा प्रौढ मानतो. मुंबईतील २०१७ व २०१८ या दोन वर्षांतील दहा हजारांहून अधिक खटल्यांचा अभ्यास विधि सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केला. जवळजवळ सगळेच खटले स्वतःच्या सेवनाचे होते, त्यांतले बहुसंख्य गांजाचे, आणि पकडले गेलेले बहुतेक रोजंदारीचे मजूर, झोपडपट्टीत किंवा पदपथावर राहणारे. गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा, सुटायचे. दंडाने सवय सुटत नाही. नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत मात्र तो कागद पुढे येतो. आश्चर्य असे की याच कायद्यात उपचार घेऊ इच्छिणाऱ्याला खटल्यापासून अभय देणारे ६४-अ हे कलम आहे. ती खिडकी क्वचितच उघडते, कारण पलीकडे उपचार करणारे कोणी बसलेले नाही.

या कायद्याचा धिक्कार करावा तेवढा थोडाच. परंतु येथून पुरोगामी पळवाट सुरू होते. कायदा मोडीत काढा, बाजार खुला करा, तिकडे पाहा कॅनडा! कॅनडाकडे जरूर पाहावे. १७ ऑक्टोबर २०१८ रोजी तेथे गांजा विक्री कायदेशीर झाली. त्याच वर्षी कोरोना बिअर विकणाऱ्या कन्स्टेलेशन ब्रँड्सने कॅनोपी ग्रोथ या गांजा कंपनीत चार अब्ज अमेरिकी डॉलर घालण्याची घोषणा केली आणि मार्लबोरोवाल्या अल्ट्रियाने क्रोनोस या कंपनीचा ४५ टक्के हिस्सा १.८ अब्ज डॉलरला घेण्याचा करार केला. सिगारेटचे गिऱ्हाईक कोवळ्या वयातच पकडावे लागते हे ज्या धंद्याने पिढ्यान्‌पिढ्या जाणले, त्याच धंद्याच्या हाती हे झाड सोपवणे याला स्वातंत्र्य म्हणायचे काय? अमेरिकेत खुल्या बाजारानंतर किशोरवयीन मुलांतील सेवनाचा स्फोट झालेला दिसत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण गोळ्या-बिस्किटांच्या रूपातला गांजा चुकून खाल्लेल्या सहा वर्षांखालील मुलांच्या नोंदी तेथील विषबाधा केंद्रांत २०१७ साली २०७ होत्या; २०२१ साली त्या ३,०५४ झाल्या. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, रस्तोरस्ती दुकाने उभी राहिली, आणि तीन वर्षांतच सरकारला तो पुन्हा वैद्यकीय चिठ्ठीपुरता मर्यादित करावा लागला. ज्यांना उदाहरणच हवे त्यांनी पोर्तुगाल पाहावा. त्या देशाने २००१ साली बाजार खुला केला नाही. स्वतःपुरती नशा बाळगणाऱ्याला फौजदारी न्यायालयातून काढून समुपदेशक व समाजसेवक बसलेल्या समितीपुढे नेले.

परंपरेचा दाखला देणाऱ्यांना परंपरेतूनच उत्तर देता येते. साधूची चिलीम ही संसार सोडलेल्या प्रौढाची होती. कोणत्याही गावाने ती शाळकरी पोराच्या हाती दिली नव्हती. वारकऱ्याच्या गळ्यात माळ पडली की दारू सुटते. गाडगेबाबांच्या कीर्तनात व्यसनी माणसाची गय नसे. १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी दारूच्या दुकानांच्या वाढीला विरोध केला, तेव्हा त्यांना कोणी व्यक्तिस्वातंत्र्याचे शत्रू ठरवले नाही. कष्टकऱ्याच्या घरातला पैसा आणि शांती कोठे जाते हे त्यांना दिसत होते. १९८६ साली अनिल अवचटांनी 'गर्द' लिहिले आणि त्याच वर्षी सुनंदा अवचटांसह पुण्यात मुक्तांगण उभे राहिले. व्यसनी मुलाला गुन्हेगार न मानता रुग्ण मानणे, आणि तरीही नशेला नशाच म्हणणे, या दोन गोष्टी एकाच वेळी करता येतात, हे महाराष्ट्राने चाळीस वर्षांपूर्वी पाहिले आहे. त्यासाठी कॅनडाला जाण्याची गरज नव्हती.

तेव्हा युवक आघाडीच्या अभ्यासवर्गांतून 'गांजा निरुपद्रवी' हे वाक्य आधी हद्दपार झाले पाहिजे. मागण्या स्पष्ट आहेत. स्वतःपुरत्या सेवनासाठी पकडलेल्या तरुणावर खटला नको, कलम ६४-अ प्रत्यक्षात आणा. अल्पवयीनाला नशा देणाऱ्यास किंवा त्याच्याकरवी माल पोचवणाऱ्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. ती ट्रकमालकापर्यंत पोचू द्या, पुडी पोचवणाऱ्या पोरापाशी थांबवू नका. शाळेच्या भिंतीवरची कवटी पुसून वर्गात खरी माहिती देणारा माणूस नेमा. किशोरवयीन मुलांसाठी २०१४ पासून राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम आहे आणि व्यसन हा त्यातला एक घोषित विषय आहे. त्याचा खर्च कोठे झाला ते तालुक्या-तालुक्यात विचारा.

हे विचारण्यासाठी अधिवेशनाची वाट पाहण्याचे कारण नाही. कार्यकर्त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात जावे आणि दोन प्रश्न लेखी द्यावेत. अठरा वर्षांखालील व्यसनी मुलासाठी येथे वेगळ्या खाटा किती आहेत, आणि गेल्या वर्षी त्यांवर किती मुले होती? माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. उत्तर तीस दिवसांत देणे बंधनकारक आहे.