घरचा अभ्यास : टेबलावरचा एक, बॅगेतला एक



गेल्या दिवाळीत या सदरात मुलांच्या मराठी वाचनाबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर वर्षभर मंडळाच्या कार्यक्रमांत, हळदीकुंकवाला, अगदी पार्किंगमध्ये उभं राहूनसुद्धा मला जास्तीत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न मात्र वेगळाच होता. “तू घरून शिकवण्या सुरू केल्यास ना? मग लॅपटॉप घेतलास की डेस्कटॉप? आम्हालाही घ्यायचाय.” प्रत्येकीला उभ्याउभ्या अर्धंमुर्धं उत्तर देण्यापेक्षा यंदाचं पान त्यालाच देते.

आधी शिकवण्यांबद्दल थोडं, कारण बऱ्याच जणींना याची कल्पना नसते. डिसेंबर २०२३ मध्ये अमिरातीत खासगी शिकवणीसाठी अधिकृत परवाना सुरू झाला. त्याला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची असते, आणि शाळेत नोकरीला असलेल्या शिक्षकांप्रमाणेच नोकरी नसलेल्यांनाही तो मागता येतो. आपल्यात बी. एड., एम. ए. करून, चार-सहा वर्षं वर्गावर काढून, लग्नानंतर इकडे आलेल्या कितीतरी जणी आहेत. त्यांच्यासाठी हे दार उघडलं आहे. पण दारातून आत जायला हातात अवजार लागतं, आणि आमच्या घरातली खरी चर्चा तिथूनच सुरू झाली.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, “बजेट किती?” माझं म्हणणं असं की दुकानात जाण्याच्या आदल्या दिवशी घरी एक कागद घ्या आणि त्यावर चार रकाने आखा. काम कोणतं, ते कोण करतं, कुठे बसून करतं आणि रोज किती वेळ. आठवडाभर फ्रिजवर लावून ठेवा आणि खरं खरं भरा.

आमच्या घरचा कागद असा भरला. नवऱ्याला ऑफिसचा लॅपटॉप आहे, त्यावर घरचं काम करायची परवानगी नाही आणि गरजही नाही. मुलाला शाळेचा टॅब आहे. उरलेल्या ओळी सगळ्या माझ्या. चार संध्याकाळी दोन-दोन तास शिकवणी. तिच्यासाठी मराठीत सराव-कागद तयार करणं. शाळेची फी, घरभाडं, इथली बँक, भारतातली बँक, चिपळूणला सासऱ्यांच्या मेडिक्लेमचे कागद, सुट्टीची तिकिटं. बेरीज केली तर रोजचे साडेचार तास निघाले. आणि या साडेचार तासांसाठी घरात यंत्र कोणतं होतं? नवऱ्याने कधीकाळी वापरून बाजूला ठेवलेला २०१७ सालचा लॅपटॉप. बॅटरी वीस मिनिटं चालायची, म्हणून तो कायम भिंतीला बांधलेला.

हे वाचून ओळखीचं हसू आलं असेल. आपल्याकडे यंत्र वरून खाली उतरत येतं. ज्याचा पगार, त्याला नवं. मुलांच्या अभ्यासाला त्यापाठोपाठ. आणि जिच्या कामाला पगार नाही, तिला उरलेलं. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. तिचं काम कागदावर कधी मोजलेलंच नसतं, एवढंच. म्हणून तो चार रकान्यांचा कागद महत्त्वाचा. आमच्याकडे तो भरल्यावर वेगळं भांडावं लागलं नाही.

जुनं यंत्र वापरू नये असं नाही. ते चालत असेल तर जरूर चालवावं. पण यंदा एक गोष्ट तपासायलाच हवी. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती वापरासाठी वर्षभराची वाढीव सोय ठेवली आहे, पण ती मुदतवाढच आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. २०१७ च्या आसपासचे बरेच लॅपटॉप इथेच अडतात. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, त्याला सुरक्षेचे अपडेट मिळत नसतील तर ते यंत्र चालतंय म्हणून चालवत राहू नये.

आता मूळ प्रश्न. लॅपटॉप की डेस्कटॉप?

कागदावरचा तिसरा रकाना पाहा. काम एकाच जागी होत असेल तर डेस्कटॉपला तोड नाही. तेवढ्याच पैशांत तो जास्त काम करतो, त्यात भर घालता येते, आणि एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. सगळ्यात मोठा फायदा मात्र मानेचा. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात अवघडतात, हात नीट ठेवावेत तर मान खाली जाते. डेस्कटॉपला पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणि पडदा हातभर अंतरावर ठेवता येतो. रोज दोन तास मुलांकडे बघत बोलायचं असेल तर हा फरक आठवड्याभरात कळतो.

“आमच्या वन बीएचकेमध्ये तो मोठा डबा ठेवायचा कुठे?” हा पुढचा प्रश्न. आता जाडजूड पुस्तकाएवढे मिनी पीसी मिळतात. मॉनिटरच्या मागेसुद्धा लावता येतात. गेम किंवा व्हिडिओ संपादन करायचं नसेल तर ते पुरेसे होतात. आम्ही हॉलच्या कोपऱ्यात तीन फुटांचं टेबल टाकलं आणि त्यावर हेच मांडलं.

पण आपलं वर्ष सरळ बारा महिन्यांचं नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी लागली की आपण गावी. माझ्या विद्यार्थ्यांपैकी दोघं त्या काळातही शिकतात, आणि मी तेव्हा चिपळूणला असते. पावसाळ्यात तिथे वीज कधी जाईल सांगता येत नाही. डेस्कटॉप असेल तर वीज गेली की वर्ग बंद. लॅपटॉपची बॅटरी हाच त्याचा इन्व्हर्टर. फोनवरून इंटरनेट घेतलं की तास पुरा होतो. म्हणून आम्ही एक महागडं यंत्र घेण्याऐवजी दोन साधी घेतली. एक टेबलावरचं, एक बॅगेतलं.

आमचा हिशेब देते. दर बदलत राहतात, प्रमाण लक्षात घ्या. मिनी पीसी १२५० दिरहम, २४ इंची मॉनिटर ४२०, कीबोर्ड-माउस ११०, कॅमेरा आणि माइक १७०. म्हणजे टेबल १९५० मध्ये सजलं. १४ इंची लॅपटॉप १९५०. एकूण ३९००. खालिद बिन अल वलीद रस्त्यावरच्या दुकानांतून दोन संध्याकाळी फिरलो, चार ठिकाणी भाव विचारले, पाचव्या ठिकाणी घेतलं.

ज्यांना एकच घ्यायचं आहे त्यांनी लॅपटॉप घ्यावा, पण घरी टेबलावर वेगळा मॉनिटर आणि कीबोर्ड ठेवावा. घरी असताना लॅपटॉप त्यांना जोडायचा, निघताना काढून बॅगेत टाकायचा. हा मधला मार्ग बहुतेक घरांना परवडतो.

दुकानात काय बघायचं? नंतर बदलता येत नाही त्यावर आधी पैसे घाला. पातळ लॅपटॉपांत बहुधा रॅम मदरबोर्डलाच पक्की केलेली असते. ॲपलच्या आताच्या मॅकबुकमध्येही ती नंतर वाढवता येत नाही. म्हणून १६ जीबी सुरुवातीलाच घ्यावी. साठवणीला ५१२ जीबीची एसएसडी पुरते, कमी पडलीच तर बाहेरून जोडता येते. पडदा आणि कीबोर्ड मात्र स्वतः हाताळून बघा. दुकानात उभं राहून पाच ओळी टाइप करा, संकोच करू नका. नारळ आपण वाजवूनच घेतो.

कीबोर्डवरून आठवलं. इथे मिळणाऱ्या लॅपटॉपच्या कळांवर इंग्रजीशेजारी अरबी अक्षरं असतात, म्हणून काही जणी विचारतात की मराठी कसं लिहायचं. कळेवर काय छापलंय याचा संबंध नाही. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहेच, विकत काही घ्यावं लागत नाही. भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडायचं. इनस्क्रिप्टची रचना आपल्या वर्णमालेला धरून आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. ‘क’ के कळेवर, ‘ल’ एन कळेवर, आणि शिफ्ट दाबून तीच एन कळ मारली की आपला लाडका ‘ळ’. पंधरा दिवस रोज अर्धा तास दिला की बोटं चालू लागतात. ज्यांना रोमन अक्षरांतून लिहायची सवय आहे त्यांच्यासाठी २०१९ पासून विंडोजमध्ये फोनेटिक कीबोर्डही आला आहे.

प्रवासाच्या चार गोष्टी. पहिली, वजन. इथून भारतात जाणाऱ्या बऱ्याच विमानांत केबिन बॅगेला ७ किलोची मर्यादा असते, त्यामुळे लॅपटॉप दीड किलोच्या आतला बरा. दुसरी, बॅटरी. १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी केबिनमध्ये नेता येते आणि बहुतेक लॅपटॉप त्यात बसतात. पॉवर बँक चेक-इन सामानात टाकायची नाही. एमिरेट्सने तर १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायलाच मनाई केली आहे, तेव्हा लॅपटॉपची स्वतःचीच बॅटरी चांगली हवी. तिसरी, प्लग. दोन्हीकडे वीज साधारण २३० व्होल्टची, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लागत नाही. इथल्या चपट्या तीन पिना गावच्या गोल भोकांत जात नाहीत, म्हणून फक्त अडॅप्टर न्यायचा. यूएसबी-सीवर चार्ज होणारा लॅपटॉप घेतला तर ६५ वॉटच्या एकाच चार्जरवर फोनही भागतो. चौथी, कस्टम. १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप विनाशुल्क भारतात नेता येतो. ही सवलत लॅपटॉपला आहे, डेस्कटॉपला नाही. “इथे स्वस्त मिळतोय तर भाचीसाठीही घेऊन येते,” असं कबूल करण्याआधी हे आठवा.

विकत घेताना आणखी एक प्रश्न विचारा: भारतात दुरुस्ती करून मिळेल का? काही वॉरंटी त्या त्या देशापुरत्याच असतात. दुकानदार “हो हो, सगळीकडे चालते,” म्हणेल. ते बिलावर लिहून घ्या. ५ टक्के व्हॅट आपण भरतो, तेव्हा पक्कं बिल मागायला लाजू नका.

आणि आपला उन्हाळा. पार्किंगमध्ये उभ्या गाडीत लॅपटॉप “पाच मिनिटं” म्हणूनही ठेवू नका. ॲपल आपल्या लॅपटॉपसाठी बंद असतानाही ४५ अंशांची मर्यादा सांगतं. ऑगस्टमध्ये आपल्याकडे बाहेरच तेवढं असतं, बंद गाडीत कितीतरी जास्त. याउलट कोकणात ओल. तिथे तो रोज थोडा वेळ चालू करावा, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात.

यंत्र कितीही चांगलं असलं तरी त्यातलं काम एकाच जागी ठेवू नये. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या चिपळूणच्या घराच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. कपाटातले फोटोंचे अल्बम गेले, तसा त्यांच्या शेजारी जपून ठेवलेला संगणकही गेला. दिरांनी घराचे कागद स्कॅन करून क्लाउडवर टाकले होते, तेवढे वाचले. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: एक प्रत यंत्रात, एक बाहेरच्या डिस्कवर, एक क्लाउडवर.

टेबलावरच्या मोठ्या पडद्याचा आणखी एक उपयोग. इथे व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाहीत, पण झूम आणि टीम्स चालतात. रविवारी सासरे तिकडून बोलतात तेव्हा नातवाचा चेहरा त्यांना अख्खा दिसतो. आधी फक्त कपाळ आणि पंखा दिसायचा.

शेवटी एक विनंती. परवाच खंडेनवमी झाली. घरोघरी पूजेत पाटावर लॅपटॉप मांडले गेले. त्यात घरातल्या बाईचं अवजार कोणतं होतं, हे प्रत्येकाने आठवून पाहावं. आणि आता पाडवा येतोय म्हणून कोणी “या वर्षी ओवाळणीत लॅपटॉप देतो,” म्हणालं, तर गोड हसा, पण ओवाळणी वेगळी घ्या. कामाचं यंत्र ही भेटवस्तू होत नाही. घराच्या वहीत भाडं, फी, किराणा लिहिता ना, त्याच रकान्यात त्याचीही ओळ लिहा.

शुभ दीपावली!